सत्तावीस मीटर

आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मुलं मागून 'व्याख्या सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. शिक्षकखोलीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं. मी भाषा शिकवायची. एकोणीस वर्षं आम्ही एकाच खिडकीचा उजेड वाटून घेतला आणि एकोणीस वर्षं ते माझीच भाषा सुधारत राहिले.

मी एकदा सहज म्हटलं, "हल्ली वजन वाढलंय माझं." सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "वस्तुमान वाढलंय, बाई. वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला ज्या बलानं खाली ओढते ते. ते किलोत सांगत नाहीत." शिपाईमामा वह्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन लांबलचक व्हरांडा तुडवत आले की सर त्यांनाही गाठायचे. "मामा, तुम्ही बल लावलंत वर, आणि गेलात आडवे. गुरुत्वाच्या विरुद्ध तुमचं कार्य शून्य." मामा गठ्ठा धाडकन आपटून विचारायचे, "मग हा घाम कुणाचा? तुमच्या शास्त्राचा?" सर असे खूश व्हायचे की विचारू नका.

सरांनी लग्न केलेलं नव्हतं. घरी थोरली बहीण होती, तिला सगळे अक्का म्हणत. शाळा सुटली की सर सरळ घरी जात. "सकाळी घरून निघालो, संध्याकाळी घरी आलो. अंतर चार किलोमीटर, विस्थापन शून्य," हे त्यांचं रोजचं वाक्य. आम्ही ते त्यांच्याआधीच म्हणून मोकळे व्हायचो.

पण वर्गात हा माणूस वेगळाच होता. व्याख्या पाठ करून घेण्याआधी ते मुलांना ती जगात कुठे दिसते ते दाखवायचे. त्यासाठी रोज वर्तमानपत्र घेऊन बसायचे, कात्रणं काढायचे. कुठे क्रेनची दोरी तुटली, कुठे धावपटूचा विक्रम झाला, कुठे पुलाला तडा गेला. कात्रण फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवायचं आणि विचारायचं, "यात आपलं काय आहे?" मुलं शोधायची. मग सर व्याख्या सांगायचे, आणि एकदा सांगितल्यावर त्यातला एक शब्द इकडचा तिकडे खपवून घ्यायचे नाहीत. "शब्द सैल झाला की समजूत सैल होते," म्हणायचे. मला ते पटायचं. भाषेच्या बाईला न पटून कसं चालेल?

त्या वर्षी ते परीक्षेच्या पेपर तपासणीसाठी दहा दिवस दुसऱ्या गावी गेले होते. त्या दहा दिवसांत आमच्या गावात एक अपघात झाला. पाण्याच्या टाकीच्या उतारावरून येणारी गावातली बस खाली उभ्या असलेल्या दगडांच्या ट्रकवर आदळली. ड्रायव्हर जागीच गेला. पुढच्या बाकावर बसलेला एक म्हातारा शिंपी दवाखान्यात नेताना गेला. बाकीच्यांना मुका मार लागला.

ड्रायव्हरची मुलगी आमच्या नववीत होती. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून तिला घरीदारी बारकी म्हणत. ती आठवडाभर शाळेत आली नाही. ज्या दिवशी आली, तो दिवस नेमका सरांचा परतून कामावर येण्याचा पहिला दिवस निघाला.

सरांनी साठलेली वर्तमानपत्रं चाळली आणि एक कात्रण कापलं. बातमीत ड्रायव्हरचं नाव नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि हे मला आजही खातं, की मी सांगायला हवं होतं. सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी त्यांच्याशेजारी उभी होते. पेपर तपासणीच्या गप्पा मारत होते.

त्यांनी नववीला जडत्व शिकवलं. फळ्यावर बस काढली. आत पुढच्या बाजूला एक छोटं वर्तुळ काढलं, तो ड्रायव्हर. मागे दुसरं, तो प्रवासी. "बस थांबली," सर म्हणाले, "पण आतली माणसं थांबली का?" एरवी दहा हात वर व्हायचे. त्या दिवशी वर्ग गप्पगार. सरांना वाटलं, पोरांना समजलं नाही. त्यांनी आणखी समजावून सांगितलं. वर्तुळापासून काचेपर्यंत बाण काढला. "वस्तू ज्या अवस्थेत असते त्याच अवस्थेत राहू पाहते. बाहेरून बल लागल्याशिवाय ती अवस्था बदलत नाही. या गुणधर्माला जडत्व म्हणतात. लिहून घ्या."

बारकीनं लिहून घेतलं. आकृतीही काढली, पट्टी धरून, नीट.

तास संपल्यावर वर्गाची मॉनिटर मुलगी सरांच्या मागे व्हरांड्यात आली. "सर, ती बस बारकीचे बाबा चालवत होते."

सर शिक्षकखोलीत आले तेव्हा त्यांच्या हातात खडू होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मी काय झालं विचारलं. त्यांनी सांगितलं. मी काही बोलणार तोवर ते म्हणाले, "तिनं बाणसुद्धा काढला हो, बाई. मी फिरून वह्या बघितल्या तेव्हा म्हटलं, छान आहे आकृती."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि मलाही सोबत घेतलं. मग म्हणाले, "बाळ, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला माहीत नव्हतं. मला माफ कर."

बारकीनं मान हलवली. मग म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचार."

"रस्त्यावर टायरच्या काळ्या खुणा आहेत अजून. त्यावरून बसचा वेग काढता येतो का?"

"कशासाठी?" मी विचारलं. मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. शिंप्याचं घर तिच्याच गल्लीत. शिंप्याची सून नळावर तिच्या आईसमोर म्हणाली होती, तुझ्या नवऱ्यानं गाडी उडवत आणली, आमचं माणूस खाल्लं. कुणी म्हणे ब्रेक निकामी झाले असतील, कुणी म्हणे नाही, उतारावर भरधाव होता. आई तेव्हापासून पहाटे उठून, कुणी नसताना पाणी भरत होती.

"ब्रेक लागला नसता," बारकीनं विचारलं, "तर खुणा उमटल्या असत्या का?"

सरांनी उत्तर दिलं. "नसत्या. चाकं थांबली आणि गाडी घसरली की खुणा उमटतात."

"म्हणजे ब्रेक चांगले होते." तिच्या हातातली एक आशा आमच्यादेखत गळून पडली होती. "मग निदान वेग काढू या, सर. बाबा हळू चालवायचे."

मी डोळ्यांनी खुणावलं, नका. सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आदल्या दिवशीचं ओझं होतं त्यांच्यावर. ते म्हणाले, "काढू."

रविवारी सकाळी आम्ही तिघं टाकीच्या उतारावर गेलो. ट्रक हलवला होता, पण जिथं तो उभा होता तिथं काचेचा चुरा पडलेला होता. काळे पट्टे स्पष्ट होते. सरांनी शाळेतून लांब टेप आणली होती. एक टोक मी धरलं, दुसरं टोक घेऊन बारकी उतरत गेली, पट्ट्यांवर पाय पडू न देता, कडेकडेनं. मध्ये एकदा टेप संपली तेव्हा सरांनी खडूनं खूण केली आणि पुढचं मोजलं. सत्तावीस मीटर.

मग त्यांनी पिशवीतून जुन्या टायरचा एक तुकडा काढला. त्यावर वीट बांधली, तानकाट्याला अडकवून उचलली. "चाळीस न्यूटन. हे वजन." मग तोच तुकडा रस्त्यावर ठेवून तानकाट्यानं एकसारखा ओढत नेला. "वाच काटा."

"चोवीस," बारकी वाकून म्हणाली.

"हे घर्षण. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकताना गतीला विरोध करणारं बल. चाळीसला चोवीस, म्हणजे वजनाच्या सहा दशांश. म्हणजे घसरणाऱ्या बसचा वेग दर सेकंदाला सुमारे सहा मीटर प्रति सेकंद इतका कमी होत जाणार." बोलता बोलता त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. बारकीही हरखून ऐकत होती. पाचदा ओढून पाचदा काटा वाचला त्या दोघांनी. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघत होते. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय मजेत चाललाय तास.

गणित मात्र सरांनी तिथं केलं नाही. "घरी जाऊन करतो, उद्या सांगतो," म्हणाले. मला वाटतं, त्यांना तिथंच अंदाज आला होता.

सोमवारी ते माझ्याआधी येऊन बसले होते. समोर कागद. "अठरा मीटर प्रति सेकंद येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तासाला पासष्ट किलोमीटर. उताराच्या वर चाळीसची पाटी आहे. आणि हे कमीत कमी, बाई. बस सत्तावीस मीटरवर आपोआप थांबली असती तरचा हा आकडा आहे. ती थांबली नव्हती. आदळली."

"मोजण्यात चूक असेल."

"उतार धरला, बारीक खडी धरली, टेपची चूक धरली. देता येईल तेवढी सूट दिली. छप्पनच्या खाली आकडा यायला तयार नाही."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "सर, ऐका माझं. ती चौदा वर्षांची आहे. सांगा, मोजमाप कच्चं आहे, एवढ्यावरून वेग सांगता येत नाही. कुणाचं काही बिघडत नाही."

"खोटं सांगू?"

"माया करा थोडी."

त्यांनी कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. मधल्या सुट्टीत बारकी आली. सर म्हणाले, "मोजमाप कच्चं आहे, बाळ. एवढ्यावरून वेग सांगता येत नाही." शब्द न् शब्द माझा होता.

"बरं, सर," ती म्हणाली.

चार दिवसांनी ती परत आली. वही उघडून सरांपुढे ठेवली. गतीची समीकरणं अजून वर्गात शिकवायची होती. तिनं पुढचा धडा स्वतःच वाचला होता. दिलेलं, काढायचं, सूत्र, उत्तर, सगळं सरांनी लावलेल्या शिस्तीत. तळाला उत्तराभोवती चौकोन: अठरा मीटर प्रति सेकंद.

"सर, माझं कुठं चुकलं?"

सरांनी वही पाहिली. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं आणि चौकोनापाशी थांबलं. सर बोलेनात. ती वाट पाहत राहिली. घंटा झाली, मुलांचा लोंढा व्हरांड्यातून गेला, तरी ती उभीच. मग तिनं वही मिटली, छातीशी धरली आणि गेली.

त्यानंतर ती वर्गात बसायची, लिहून घ्यायची, पण हात वर करायची नाही. सरांनी काही विचारलं तर उठून अचूक व्याख्या सांगायची आणि खाली बसायची. सर मला म्हणाले, "एका शब्दानंही चुकत नाही हो. चुकली असती तर बरं झालं असतं."

वर्ष संपल्यावर तिची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. दोघी बारकीच्या मामाकडे राहायला निघाल्या होत्या. सरांनी त्या बाईला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. बाईनं शांतपणे ऐकलं.

"ते जोरात आणत होते, हे मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. "त्या दिवशी टायर बदलण्यात गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली होती. उशीर झाला की डेपोत सगळ्यांसमोर बोलणी बसायची. घरी येऊन जेवायचे नाहीत मग. हे कुठल्या खुणेवरून कळायचं?"

बारकी फाटकाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

त्या दिवसानंतर सरांनी वर्तमानपत्र शाळेत आणलं नाही. शिकवायचे तसंच, उलट जास्त जपून. चेंडू, घरंगळणारी गोळी, टेबलावरचं पुस्तक, एवढीच उदाहरणं. मुलांना तेही आवडायचं. पण आम्ही जुनी माणसं होतो, आम्हाला कळायचं. मी वजन म्हटलं तर ते वजनच राहू द्यायचे. मामा गठ्ठा घेऊन आले की उठून हात लावायचे. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "सर, कार्य शून्य ना?" ते म्हणाले, "जाऊ द्या, बाई. घाम येतो माणसाला."

माझं चुकलं, असं मी त्यांना पुष्कळदा म्हणाले. ते दरवेळी म्हणायचे, "सल्ला तुमचा होता. तोंड माझं होतं." रागानं नाही. पण ते ऐकून मला रडू फुटायचं.

पुढे आम्ही दोघंही निवृत्त झालो. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली तेव्हा मी घरात पाय घसरून पडले, मनगट सुजलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायला गेले. आतल्या मुलीनं माझा हात काचेवर ठेवला, बोटं सरळ केली आणि म्हणाली, "हलू नका, बाई." त्या 'बाई'वर मी मान वर केली. बारकी! लहानखुरी कुठली, चांगली उंच झाली होती.

तिनं आईचं सांगितलं, बरी आहे म्हणाली. मग सरांचं विचारलं. मी म्हटलं, "आहेत. थकलेत. तुझ्यावर अन्याय झाला असं अजून म्हणतात." आणि राहवलं नाही म्हणून सांगून टाकलं, "ते खोटं मी शिकवलं होतं, बाळ."

तिनं मशीनचं बटण दाबलं. "उत्तर मला आलंच होतं, बाई. मला ते त्यांच्याकडून ऐकायचं होतं. गल्लीत प्रत्येक जण काहीबाही बोलायचा. खरं सांगणारं एक माणूस होतं. त्यानंही माझं उत्तर तपासलं नाही."

बाहेर रांग होती. तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी जातो." पण अक्का अंथरुणाला खिळलेली, स्वतःचे गुडघे गेलेले. मीच फोन केला. बारकी एका रविवारी सकाळी आली.

अक्काच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता. सर दार उघडून बाजूला झाले. तिनं पायाला हात लावला तसे ते दोन पावलं मागे सरले. सगळे बसलो. मी पाणी आणलं. मग सरांनी खुर्चीत पाठ ताठ केली, वर्गात उभे राहायचे तशी, आणि म्हणाले, "तुझं कुठेही चुकलं नव्हतं. खुणा सत्तावीस मीटर. मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, सहा. वेग किमान अठरा मीटर प्रति सेकंद. तुझे वडील मर्यादेपेक्षा जोरात चालवत होते. हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो."

"हो, सर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "आणखी एक विचारू? हे मी कधी काढलं नाही. भीती वाटायची. त्यांनी ब्रेक किती वेळ दाबला होता?"

सरांनी डोळे मिटले. फळा नव्हता, कागद नव्हता. "अठराला सहानं भागायचं. तीन सेकंद. आदळताना वेग शिल्लक होता, म्हणजे तीनपेक्षा थोडं कमीच."

"म्हणजे तेवढा वेळ ते बस थांबवायला बघत होते."

"हो. चाकं पूर्ण अडकली होती. त्याहून जास्त जोर कुणालाच लावता आला नसता. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाही. ते खुणांवरून दिसतं."

मग मात्र ती रडली. पदर नव्हता, रुमाल सापडेना, सरळ तळहातांनी तोंड झाकून रडली. सरांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथं पोचण्याआधी खाली आला. त्यांच्या गालावरूनही पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आतून अक्कानं विचारलं, "कोण आलंय रे?"

"माझी विद्यार्थिनी," सर म्हणाले.

तिची दुपारी दोनची ड्यूटी होती. ती तोंड धुऊन आली, अक्काला भेटली, आणि निघाली.